नागपूरच्या परसात सफरचंद लावावे का? थंडीचा आणि ताणाचा हिशेब

नमस्कार. डिसेंबर लागला की "उष्ण हवामानातही येणारे सफरचंद" अशी पाटी लावलेली रोपे नर्सरीत आणि ऑनलाइन दुकानांत दिसू लागतात, आणि त्यांच्या जोडीला पीच, आलुबुखार व ब्लूबेरी यांचीही रोपे विकली जातात. नागपूरला बऱ्यापैकी थंडी पडते, सकाळी फुटाळ्यावर फिरायला जाताना स्वेटर घालावा लागतो, तेव्हा ही झाडे आपल्या परसात यायला काय हरकत आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आजच्या व्हिडिओत या प्रश्नाचे उत्तर पाहू. मात्र त्यासाठी थंडी झाडाचे नेमके काय करते हे आधी समजून घ्यावे लागेल, आणि ते समजले की परसातल्या संत्र्याला वर्षानुवर्षे फळ का धरत नाही, याचेही उत्तर त्यातच मिळेल.

सफरचंदाची फुलकळी वसंतात तयार होत नाही. ती आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर तयार झालेली असते, आणि पुढे दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली की झाड पाने गाळून सुप्तावस्थेत जाते. या अवस्थेत मध्येच एखादा उबदार आठवडा आला तरी कळी उमलत नाही, आणि तिने उमलूही नये, कारण उमललेल्या फुलाला उणे दोन अंशांच्या आसपासच इजा होऊ लागते आणि पारा उणे चारपर्यंत उतरला तर जवळजवळ सगळा बहार हातचा जातो. त्यामुळे हिवाळा खरोखर संपत आल्याशिवाय कळी उघडू नये, अशी सोय या झाडांत असते, आणि ती सोय म्हणजे थंडीचे तास मोजणे. साधारणपणे शून्य ते सात अंश सेल्सिअस या पट्ट्यातले तास त्यासाठी धरले जातात. हिमाचल आणि काश्मीरमधल्या जुन्या, नावाजलेल्या जातींना असे सुमारे ८०० ते १२०० तास लागतात. तेवढे भरले नाहीत, तर नंतर कितीही ऊब मिळाली तरी कळी नीट फुटत नाही.

ही मोजणी मुळे करत नाहीत, खोडही करत नाही. प्रत्येक कळी स्वतःपुरती करते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी ब्लूबेरीच्या झुडपांवर केलेले प्रयोग १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी उबदार काचगृहातल्या झुडपाची एक फांदी भिंतीतल्या छिद्रातून बाहेरच्या हिवाळ्यात काढून ठेवली होती. वसंतात बाहेरची फांदी पालवली आणि त्याच झुडपाचा आतला भाग मात्र निद्रिस्तच राहिला. हा प्रयोग मी मुद्दाम सांगतो आहे, कारण सफरचंदाच्या कुंडीत रोज बर्फाचे खडे टाकायचे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. त्या बर्फाने कुंडीतली माती गार होते, मुळांना विनाकारण धक्का बसतो, आणि ज्या कळीला थंडी हवी ती तीन फुटांवर उन्हात बसलेली असते.

[पडद्यावर: नागपूरच्या हिवाळ्यातील दिवस-रात्रीच्या तापमानाचा आलेख]

आता आपल्या शहराचा हिशेब करू. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचे किमान तापमान सरासरीने बारा-तेरा अंशांच्या आसपास असते आणि दुपारी पारा अठ्ठावीस अंशांपर्यंत जातो. थंडीची लाट आली की रात्री सात-आठ अंशांपर्यंत उतरतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तर शहरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. परंतु अशा लाटेतही सात अंशांखालचा काळ पहाटेचे थोडे तास एवढाच असतो, आणि लाट ओसरली की तोही संपतो. शिवाय दुपारची ऊब रात्रीच्या जमेतून काही भाग वजा करते, असे फलोत्पादनातले सुधारित हिशेब सांगतात. थोडक्यात, आठशे तास तर सोडाच, त्याच्या जवळपासही आपण पोहोचत नाही. थंडी अपुरी पडलेल्या झाडाची लक्षणे ओळखू येतात: जुनी पाने गळतच नाहीत, फक्त फांदीच्या टोकाशी नवी पालवी येते, आणि फुले आलीच तर एकदम न येता दोन महिने तुरळक येत राहतात.

म्हणून कमी थंडीच्या जाती शोधल्या गेल्या. इस्रायलमध्ये तयार झालेली 'अ‍ॅना' आणि बहामा बेटांवर सापडलेली 'डॉर्सेट गोल्डन' या दोन जाती जगभर लावल्या जातात, आणि त्यांना सुमारे दोनशे-तीनशे तास पुरतात असे मानले जाते. हिमाचल प्रदेशाच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल, उष्ण भागासाठी 'एचआरएमएन-९९' ही जात पुढे आणली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तुम्हाला हौस असेल तर यांपैकी एखादे कलम अवश्य लावा, मात्र 'अ‍ॅना' लावल्यास परागीकरणासाठी शेजारी 'डॉर्सेट गोल्डन' असावे लागते, हे विक्रेता सांगेलच असे नाही. डिसेंबरच्या अखेरीस उरलेली पाने हाताने काढून टाकावीत, म्हणजे झाडाला थोडी तरी विश्रांती मिळते. माझे स्पष्ट मत असे की, नागपुरात या झाडाची खरी परीक्षा जानेवारीत नव्हे, तर मे महिन्यात होते. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीजवळचे कोवळे सफरचंद तग धरत नाही. पूर्वेकडची जागा, बुंध्याला चुन्याचा पातळ हात, आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली, एवढे केल्यावरही दोन-चार लहान फळे मिळाली तर ती कौतुकाने खावीत.

ब्लूबेरीचा विषय मात्र मी इथेच संपवतो. तिला साडेचार ते साडेपाच सामूची (पीएच) आम्लधर्मी माती लागते, आणि आपल्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. कुंडीत माती बदलून भागेल म्हणावे, तर आपले चुनखडीयुक्त बोअरचे पाणी ती माती पुन्हा मूळपदावर आणते.

आता ज्या झाडासाठी नागपूर ओळखले जाते त्याकडे येऊ. संत्र्यालाही फुलण्याआधी थांबावे लागते, पण त्याची मागणी सफरचंदाइतकी कठोर नाही. दहा ते पंधरा अंशांच्या रात्री आणि त्याच सुमारास जमिनीत कमी झालेला ओलावा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की संत्र्याची वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि कळी धरली जाते. म्हणजे जी थंडी सफरचंदाला अपुरी पडते, तीच संत्र्याला पुरेशी ठरते, फक्त तिला कोरडेपणाची जोड द्यावी लागते. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातले बागाईतदार याला झाड ताणावर सोडणे म्हणतात. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडले जाते. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसतो, भारी काळ्या जमिनीत त्याला दीड-दोन महिनेही लागतात. पाने निस्तेज होतात, कडा आत वळू लागतात आणि साधारण पाव हिस्सा पाने गळतात, तेव्हा ताण पुरेसा झाला असे समजावे. मग संक्रांतीच्या आसपास शेणखत घालून पहिले हलके पाणी द्यावे, काही दिवसांनी दुसरे, आणि फुले दिसू लागल्यावर पाणी नियमित करावे. या बहाराची फळे पुढच्या दिवाळीनंतर तोडणीला येतात. उन्हाळ्यात ताण देऊन पावसावर फुलवला जाणारा मृग बहार निराळा. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. परसातल्या एकट्या झाडावर दोन्ही बहार धरण्याचा लोभ करू नये.

[पडद्यावर: ताणावर असलेल्या संत्र्याची वळलेली पाने, जवळून]

शहरातल्या परसात गोंधळ होतो तो नेमका येथे. झाड असते न्हाणीघराच्या सांडपाण्याशेजारी किंवा रोज पाइपने भिजणाऱ्या हिरवळीच्या कडेला. त्याला डिसेंबर असो की मार्च, ओलावा बाराही महिने मिळतो. पाने गर्द, झाड उंच, शेजारी म्हणतात झाड किती छान आहे, आणि फळ मात्र धरत नाही. मालक खत वाढवतो, नत्र जास्त होते, पालवी आणखी माजते. अशा झाडाला औषधाची नव्हे, पाणी बंद करण्याची गरज असते. आणखी एक सूचना नागपूरकरांसाठीच: उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना घालण्याची आपली सवय चांगल्या हेतूची असली, तरी त्या पाण्यातले बाष्प उडून गेल्यामुळे क्षार मागे साठलेले असतात आणि संत्र्या-लिंबाला क्षार सोसत नाहीत. ते पाणी अंगण धुवायला वापरावे.

नवीन संत्रा लावायचा असेल तर कलम खात्रीच्या ठिकाणचे घ्या. अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून रोगमुक्त कलमे मिळतात. जंबेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर बांधलेले आणि डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून चांगला वीतभर वर असलेले कलम निवडावे, आणि लावताना तो डोळा मातीत जाऊ देऊ नये. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबते व बुंध्याला डिंक्या रोग लागतो, म्हणून थोडा उंचवटा करून त्यावर झाड लावावे. आळे दुहेरी करावे, म्हणजे आतल्या कड्यामुळे पाणी बुंध्याला न टेकता बाहेरच्या वर्तुळात मुळांना मिळते. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावावे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. परसातल्या एका झाडासाठी याचा दहावा भागही भरपूर होतो.

जागा कमी असेल तर खाण्याजोग्या फळांची झुडपे लावावीत, आणि त्यांत माझी पहिली पसंती फालशाला आहे. फालसा नव्या फुटव्यावर फळतो, म्हणून जानेवारीत पाने गळाल्यावर तो निर्दयपणे छाटावा लागतो. कमरेएवढा ठेवला तरी चालतो. छाटणी टाळलेले झुडूप उंच वाढते आणि फळे शेंड्याला जातात. छाटलेले झुडूप ऐन एप्रिल-मे महिन्यांत, सरबताची सर्वाधिक गरज असते तेव्हा, जांभळ्या फळांनी भरते, आणि ती फळे एकदम न पिकता रोज मूठभर पिकतात, जे घरच्या वापरासाठी फार सोयीचे आहे. तुतीचेही तसेच आहे: डिसेंबरात छाटून पाने काढून टाकली की फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या फुटींसोबतच फळे लागतात, आणि छाटलेल्या काड्या मातीत खोचल्या तर त्यांचीही रोपे होतात. करवंदाला काटे आहेत, पाणी नको आहे, त्यामुळे ते कुंपणाला लावावे आणि विसरून जावे.

अंजिराकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. पाने गाळणारे असूनही त्याची थंडीची गरज नगण्य आहे. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या पुणेरी अंजिराला परागीकरणाचीही गरज नसते, त्यामुळे एकच झाड पुरते. कोरडी हवा त्याला मानवते आणि चुनखडी सोसते. तुंबलेले पाणी मात्र सोसत नाही. फळे पिकू लागताच बुलबुल येतात, तेव्हा जाळी आधीच आणून ठेवलेली बरी.

विश्रांती प्रत्येक झाड हिवाळ्यातच घेते असे नाही, हे बोरावरून दिसते. बोर उन्हाळ्यात पाने गाळते, म्हणून त्याची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत करतात आणि फळे थंडीत येतात. आवळ्याची तर कमालच आहे. मार्च-एप्रिलमध्ये फलधारणा झाल्यावर तो गर्भ उन्हाळाभर तसाच सुप्त राहतो आणि पावसाळ्यात वाढू लागतो. लहान आवळे दिसत नाहीत म्हणून जूनमध्ये झाड तोडायला निघालेल्यांनी थोडा धीर धरावा. आवळ्याच्या दोन वेगळ्या जाती जवळ असाव्यात, नाहीतर फळ फारच कमी लागते.

थंडीच्या लाटेत जपायचे ते पपई, केळी आणि वर्षभराच्या आतली लिंबाची रोपे यांना. त्या संध्याकाळी आळ्यात हलके पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्री सोडते. रोपांवर गोणपाट टाकावे, पण ऊन वर आले की ते काढून घ्यावे. केळीची पाने पिवळी पडली तरी लगेच कापू नयेत. थंडी सरेपर्यंत तीच पाने आतल्या नव्या पानाला आडोसा देतात.

खड्डे खणण्याआधी एक गोष्ट कागदावर मांडून घ्या. डिसेंबरात पेरूची फळे झाडावर पोसत असतात आणि त्याला पाणी हवे असते. पपई आणि केळीलाही हवेच असते. त्याच दिवसांत संत्र्याचे पाणी तोडायचे असते, आणि फालसा, तुती व अंजीर यांनाही ते बेताचेच द्यायचे असते. काळ्या मातीत ओल आडवी पसरते, त्यामुळे पेरूला दिलेले पाणी चार-पाच फुटांवरच्या संत्र्यालाही मिळते आणि त्याचा ताण मोडतो. म्हणून पेरू, पपई आणि केळी मोरीच्या बाजूला घ्या, संत्रा, अंजीर व फालसा परसाच्या दुसऱ्या टोकाला न्या, आणि नळाचा पाइप त्या टोकापर्यंत पोहोचत असेल तर तिकडच्या जोडाला वेगळी तोटी बसवून घ्या.