कोकणातला कातळ चढताना

मंडळी, गडाची उंची विचारण्याआधी त्याचा पायथा किती उंचीवर आहे ते विचारा. सिंहगड ४,३०० फुटांचा, पनवेलजवळचा कलावंतीण सुळका साधारण २,२५० फुटांचा. आकडे ऐकून घाटावरचा माणूस कलावंतीण हसण्यावारी नेतो. पण सिंहगडाचा पायथाच दोन हजार फुटांच्या वर, आणि कलावंतिणीखालची ठाकूरवाडी समुद्रसपाटीहून थोडीशीच उंच. म्हणजे पायांना पडणारा चढ जवळजवळ तेवढाच. त्यात आपली दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग निवत नाही. कोकणात चढाई फसते ती बहुतेकदा पाण्याच्या हिशेबात.

माणशी चार लिटर पाणी, थंडीतसुद्धा. कलावंतिणीच्या वाटेवरच्या प्रबळमाचीच्या वस्तीनंतर वर पाण्याची आशा धरू नका. नुसतं पाणी पीत राहिलात तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही. डोकं दुखतं, मळमळतं. एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवा. कोकमाचं आगळ घालणार असाल तर मीठ कमी करा, आगळ मुळातच खारट असतं. पहाटे पाचला निघा. दहानंतर काळा कातळ तापू लागतो, आणि मार्चात तर उतरताना त्यावर हात टेकवत नाही.

आता कातळाविषयी. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला. कठीण थराचा कडा होतो, मधला मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो. म्हणून वाटेत कातळ आणि घसारा, म्हणजे सुट्या मुरुमाची उतरण, आलटून पालटून लागतात, आणि दोन्हींची चाल वेगळी. घसाऱ्यावर टाच रोवून, गुडघे सैल ठेवून उतरायचं. एकामागोमाग सरळ रेषेत उतरू नका. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात जातो. दगड सुटलाच तर ‘दगड!’ एवढंच ओरडा, लांबलचक वाक्य नको.

कलावंतिणीच्या कोरीव पायऱ्या काही ठिकाणी गुडघाभर उंच, बाजूला कठडा नाही. दोन हात आणि दोन पाय, या चारांतले तीन कायम टेकलेले हवेत. हलवायचा तो एकच. वजन पायांवर घ्या, हात तोलापुरते. घाबरलेला माणूस कातळाला पोट चिकटवतो, त्याने पाय उलट निसटतात, कारण वजन तळव्यावर सरळ पडत नाही. उतरताना जिथे पायरी उंच वाटेल तिथे तोंड कातळाकडे करा. चारचौघांत तसं उतरायला लोक लाजतात, का ते कळत नाही. माथ्याच्या शेवटच्या टप्प्यावर आधीच बांधलेला दोर दिसला तर त्यावर भार टाकू नका. उन्हा-पावसात दोर आतून कुजतो आणि वरून धडधाकट दिसतो.

पावसाळ्यात शेवाळ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या वाळक्या गवताचं मात्र कुणी मनावर घेत नाही. ते बुटाखाली तेलासारखं सरकतं आणि कड्याची धार झाकून टाकतं.

आग्या मोहोळ कर्नाळ्याच्या सुळक्यावर आहे, इतरत्रही असतं. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब जायचं, हात झाडायचे नाहीत. पण कड्यावर असाल तर आधी पाय सांभाळा.

दगड उचलताना, खोबणीत बोटं घालताना आत नीट बघा. फुरसं हा विषारी साप आणि लाल विंचू दोघांनाही अशीच जागा आवडते. विंचू चावल्यावर घाम फुटून हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर विष हृदयावर चालून गेलंय असं समजा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, तेव्हापासून वाचणाऱ्यांची संख्या वाढली. फुरसं चावलं तर आवळून बांधू नका, चिरू नका. तो हात किंवा पाय हलणार नाही असा काठीला बांधून माणसाला उचलून खाली आणा. सर्पविषावरची लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे ते निघण्याआधीच विचारा, आणि तिथला नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. दरीत फोन लागला नाही तरी वाडीतल्या माणसाच्या हाती तो कागद देता येतो.