खाड्या ओलांडत जायचं कोकण

नमस्कार श्रोतेहो. मार्च लागला की घराघरात सुट्टीचं बोलणं सुरू होतं, आणि कोकणात जायचं म्हटलं की मंडळी लगेच मुंबई-गोवा हायवेचंच बोलायला लागतात, कुठे काम चाललंय, कुठे ट्रॅफिक लागेल. आज मी तुम्हाला दुसरी वाट सांगणार आहे, किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी, मांडव्यापासून जयगडपर्यंत, आणि मधल्या सगळ्या मोठ्या खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या, गाडी असो की बाईक, बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरवायची.

सह्याद्रीतून पश्चिमेला येणाऱ्या आपल्या नद्या लांबीला फार नाहीत, पण समुद्राजवळ आल्या की त्यांचं पात्र एवढं रुंदावतं की पलीकडची माणसंसुद्धा नीट दिसत नाहीत. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, सगळ्यांचं तेच. म्हणून इथला किनारा सलग नाहीये, त्याचे तुकडे तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याची भाषा, जेवण, देव थोडे थोडे वेगळे. आणि जवळजवळ प्रत्येक मुखाशी एक किल्ला. राजपुरीच्या खाडीत जंजिरा, सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवर जयगड. हे किल्ले रस्त्यानं जाऊन बघितले तर नुसत्या भिंती दिसतात, पण पाण्यातून बघा, मग कळतं की आत येणाऱ्या प्रत्येक गलबतावर इथून नजर होती. मला विचाराल तर फेरीनं जायचं ते याच्यासाठी.

सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून करा. २०२० पासून इथून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट तासाभरात पलीकडे. तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड हा रस्ता बऱ्याच जणांना माहितीये म्हणून मी तिथे थांबत नाही, फक्त कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर ओहोटीची वेळ गावात विचारून घ्या, भरती सुरू झाली की चालत परत येता येत नाही.

राजपुरीला मात्र वेळ काढा. जंजिऱ्याला नेणारी शिडाची होडी धक्क्यावरून सुटते, वारा भरला की शीड फुगतं, आणि किल्ला जवळ येतो तरी दरवाजा काही दिसत नाही, अगदी तटाला भिडल्यावर तो समोर उघडतो. आत कलालबांगडी तोफ आहे, आणि चारी बाजूला खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव! सिद्दींचा हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही, त्यांचं संस्थान थेट १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. तटावरून वायव्येला बघा, समुद्रात पद्मदुर्ग दिसेल, याच सिद्दीला शह द्यायला महाराजांनी उभारलेला. तिथले दगड खाऱ्या वाऱ्यानं झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना अजून तसाच पुढे आलेला आहे, ज्यांनी तो चुना मळला त्या कारागिरांपुढे हात जोडावेसे वाटतात.

आगरदांड्याहून दिघी ही पुढची फेरी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला या आणि बोटीनं वेश्वीला उतरा. उतरलं की रत्नागिरी जिल्हा, आणि जवळच वेळास. नाना फडणवीसांचं गाव. फेब्रुवारी ते एप्रिल हा इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांचा मोसम. मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जाते, गावातली माणसं ती कुंपणात जपतात आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात. कधी टोपलीखाली काहीच नसतं, कधी पिल्लांची झुंबड असते. दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश मारू नका, आणि नाही दिसली पिल्लं तर चिडू नका, गावातल्याच एखाद्या घरात राहा आणि दुसऱ्या दिवशी परत या. त्या घरचं जेवण चुकवू नका हं, ओल्या काजूची उसळ याच दिवसांत मिळते.

आणि शिमगा! फाल्गुनात गेलात तर गावोगाव ग्रामदेवतेची पालखी बाहेर पडलेली असते, घरोघरी जाते, लोक ती खांद्यावर घेऊन नाचवतात, मुंबईची सगळी चाकरमानी मंडळी गावात आलेली असतात त्यामुळे फेरीला गर्दी होते, पण त्या गर्दीचा कंटाळा करू नका, अर्धी मजा तिथेच आहे. बाजारात सुरंगीचे वळेसर आले असतील तर घ्या, वास दिवसभर सोबत राहतो.

पुढे केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघा आणि सकाळी होडी करून सुवर्णदुर्गावर जा. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं, २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात हाही आहे. गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी ठेवा.

मग दाभोळ. आज शांत वाटणारं हे गाव एकेकाळचं मोठं बंदर, पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, दख्खन फिरला आणि परत जाताना याच दाभोळहून जहाजात बसला. इथून धोपाव्याची फेरी घ्या, नाहीतर चिपळूणचा मोठा वळसा पडतो. पलीकडे गुहागर, हेदवी, आणि तवसाळहून जयगड ही शेवटची बोट.

या खाड्यांवर आता रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल व्हायचेत. व्हायलाच हवेत, रात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचं म्हणजे फेरी कामाची नाही, हे इथल्या कुणालाही विचारा. पण पूल झाल्यावर या बोटी किती उरतील माझ्या मनात शंका आहे, म्हणून म्हणतोय, या एक-दोन वर्षांत जाऊन या.

निघताना एवढं बघा, शेवटची फेरी किती वाजता सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, सुटे पैसे जवळ असू द्या, दुपारनंतर वारा वाढतो म्हणून किल्ल्यांच्या होड्या सकाळीच गाठा. आणि मे संपत आला की जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात, तेव्हा पाडव्याच्या आगेमागेच निघा. नमस्कार.