पंचायतीतला लाल दिवा

(दृश्य: नागपूर–काटोल रस्ता. कडेला जेसीबीनं उकरलेला चर, त्यात उघडी पडलेली केबलची नळी.)

गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या या ऑप्टिकल फायबर केबलचा, म्हणजे प्रकाशातून माहिती वाहणाऱ्या काचेच्या तारेचा, पैसा आपल्याच रिचार्जमधून गेलेला आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलातले, म्हणजे ठरावीक वजावटींनंतर उरलेल्या कमाईतले, ५ टक्के सार्वत्रिक सेवा निधीत जमा होतात. २००२ मध्ये हा निधी सुरू झाला तेव्हा भर होता गावातल्या सार्वजनिक टेलिफोनवर. २००६ च्या दुरुस्तीनं मोबाईल आणि ब्रॉडबँडही त्यात आले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्याचं नाव झालं डिजिटल भारत निधी. ग्रामपंचायती इंटरनेटनं जोडणाऱ्या केंद्राच्या भारतनेट योजनेची केबल याच पैशातून टाकली गेली.

पैसा केंद्राचा असला तरी रस्ता, परवानगी आणि ग्रामपंचायत राज्याच्या हातात. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य ब्रॉडबँड समिती आहे. तिच्यासमोर किलोमीटरचे आकडे येतात. किती केबल टाकली, किती ग्रामपंचायती जोडल्या. पण टाकलेली केबल चालते का, हे पंचायतीच्या खोलीतच कळतं.

(दृश्य: पंचायत कार्यालय, भिंतीवरची पेटी. दिव्यांवर क्लोजअप.)

ही पेटी म्हणजे ओएनटी: केबलमधून आलेल्या प्रकाशाचं इंटरनेट करून देणारं यंत्र. हिचे दिवे वाचायला इंजिनिअर लागत नाही. सगळे दिवे बंद असतील तर प्रश्न विजेचा: एक तर पुरवठा तुटला, नाहीतर बॅटरी बसली. ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे केबल तुटली किंवा जोड सुटला. ‘पॉन’चा, म्हणजे एक्स्चेंजशी जोडणी दाखवणारा, दिवा स्थिर हिरवा आणि तरी नेट नाही, तर दोष गावात नाही, पुढे आहे. तक्रार लिहिताना दिव्याचा रंग लिहिला की योग्य माणूस योग्य सामान घेऊन येतो.

(दृश्य: पॉवर मीटर, जोडणी यंत्र.)

आता हिशेब. प्रकाशाची घट डेसिबलमध्ये मोजतात. एक्स्चेंजपासून ओएनटीपर्यंत साधारण २८ डेसिबलपर्यंतची घट चालते. २० किलोमीटर केबल जास्तीत जास्त ७ खाते, चार फाट्यांचा स्प्लिटर आणखी ७. नीट केलेला जोड ०.१ डेसिबलच्या आत बसतो. म्हणजे बरीच सवड उरते. ती संपते घाईत केलेल्या जोडांनी, नळीत शिरलेल्या पाण्यानं आणि पेटीत करकचून वाकवलेल्या तारेनं. म्हणून देयक मंजूर करण्याआधी ओटीडीआरचा, म्हणजे केबलमध्ये प्रकाश सोडून दोष शोधणाऱ्या यंत्राचा, आलेख मागवायलाच हवा. कुठल्या मीटरवर किती घट, ते त्यात स्पष्ट दिसतं.

चर किती खोल, त्याचंही तसंच. प्रमाण आहे १.६५ मीटर. काटोल–कळमेश्वरकडे काळी माती संपली की बेसाल्ट लागतो, आणि तिथंच चर उथळ होतो. खडकात कमी खोली चालते, पण मग वर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं संरक्षण हवं. ते मोजायचं चर बुजवण्याआधीच. नंतर मोजमाप वहीवर विश्वास ठेवण्याखेरीज हातात काही राहत नाही.

सर्वात जास्त नुकसान करते दुसऱ्याची खोदाई: पाण्याची पाइपलाइन, रस्ता रुंदीकरण. मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे केंद्राचं अ‍ॅप आहे. खोदणाऱ्यानं आधी कळवलं की केबलवाल्याला सूचना जाते. खोदाईच्या परवानगीतच ही अट घातली आणि भरपाई ठेकेदाराच्या बिलातून कापली, तर तुटण्याचं प्रमाण कमी होईल.

(दृश्य: पंचायतीची तक्रार नोंदवही.)

तक्रार क्रमांक, दिव्याचा रंग, बंद पडल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ. देखभालीचं देयक याच चार रकान्यांवर निघायला हवं, आणि ही नोंद पंचायतीच्या सहीची हवी.