काठावर मिळतं ते पाठीवर नको

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा आटोपला की माझ्याकडे ठरलेले फोन सुरू होतात. कोणी प्रतापनगरातून, कोणी महालातून, कोणी थेट कामठीहून. "काकू, यंदा कार्तिकात नर्मदा परिक्रमेला निघतोय, सामान काय काय घेऊ?" मी आधी उलट विचारते, "घरात वजनकाटा आहे का?" समोरचा माणूस क्षणभर थांबतो. त्याला यादी हवी असते, आणि मी काट्याचं विचारते.

वजनाशी माझा संबंध जुना आहे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात मी एकतीस वर्षं नोकरी केली. संत्र्याचा हंगाम आला की पेट्यांच्या थप्प्या लागायच्या, आणि पेटी काट्यावर जाण्याआधीच हमालाच्या चालण्यावरून मला तिचं वजन कळायचं. लोकांचं सामान बघण्याचीही सवय लागली. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारी माणसं गाडीतून उतरायची, तेव्हा त्यांच्याजवळ एखादं गाठोडं असायचं. त्यात भाकरी-चटणी, एखादी चादर, एखादा पांढरा कपडा. परत जाताना तेच गाठोडं जड झालेलं असायचं, कारण त्यात पुस्तकं असायची. येताना रिकामी जागा घेऊन आलेली ती माणसं मी दरवर्षी पाहिली. त्या पाहण्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा, नर्मदेच्या काठावर कळला.

ज्यांना परिक्रमा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहत जाऊन गुजरातेत भरूचच्या पुढे समुद्राला मिळते. परिक्रमा करणाऱ्याने नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. एका काठाने समुद्रापर्यंत जायचं, तिथे मुखाशी भरतीची वेळ साधून नावेने पलीकडे मिठी तलाईला उतरायचं, दुसऱ्या काठाने अमरकंटकपर्यंत चढायचं आणि पुन्हा जिथून निघालो तिथे यायचं. नदीचेच दोन काठ मोजले तरी २६०० किलोमीटरच्या वर जातं, पायवाटेची वळणं निराळी. चातुर्मासात चालायचं नाही, म्हणून बहुतेक लोक कार्तिकी एकादशीनंतर निघतात.

पंढरीच्या वारीत आणि यात सामानाच्या बाबतीत मोठा फरक आहे. आपल्या विदर्भातून शेगावची पालखी जाते, कौंडिण्यपूरची जाते. वारीत दिंडीचा ट्रक असतो. वळकटी ट्रकात, वारकरी रस्त्यावर, खांद्याला फक्त पताका किंवा झोळी. परिक्रमेत ट्रक नाही. जे आहे ते तुमच्याच पाठीवर, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत.

मी निवृत्तीनंतर निघाले. सोबत दोन मैत्रिणी. घरी बॅग भरली तेव्हा काट्यावर ११ किलो २०० ग्रॅम भरली. माझं स्वतःचं वजन तेव्हा ५६ किलो. शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं पाठीवर घेऊ नये हे मला माहीत होतं, म्हणजे साडेपाच किलो. मी दुप्पट घेतलं होतं. का घेतलं, तर प्रत्येक वस्तूमागे कोणाची तरी माया होती. माझ्या जाऊबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. "चार महिने जाऊन रायल्या बाई तुम्ही, सोबत खायले नको का काही?" सुनेने जाड टर्किश टॉवेल दिला, मुलाने बुटांचा दुसरा जोड. थंडीसाठी गोधडी होती, तिचंच वजन २ किलो ३००. आणि लाडवांचा डबा उघडू नये म्हणून तो माझ्या आईच्या जुन्या नऊवारी लुगड्यात बांधला होता.

ओंकारेश्वरला कुपीत नर्मदेचं पाणी भरून घेतलं, पूजा केली आणि दक्षिण तटाने निघालो. दुसऱ्या दिवशी निमाडातल्या एका खेड्यातून जात होतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, अगदी आपल्या काटोल-सावनेरकडे असतो तसा. एका घरातून एक म्हातारी बाई लगबगीने बाहेर आली. हाताला पीठ लागलेलं होतं. म्हणाली, "माताराम, रोटी खाके जाओ." सकाळीच लाडू खाल्ला होता, डबा भरलेला होता, खांदे दुखत होते, थांबलं की बॅग उतरवायची आणि पुन्हा चढवायची हे नको वाटत होतं. मी म्हटलं, "नहीं माई, हमारे पास है." ती काही बोलली नाही. "अच्छा" म्हणाली, पदराला हात पुसले आणि आत गेली. आतून तव्याचा वास येत होता.

श्रोतेहो, तो पदराला हात पुसण्याचा क्षण मी आजही विसरलेले नाही. नर्मदेच्या काठावर परिक्रमावासीला जेवू घालणं हे तिथल्या माणसांचं व्रत आहे. आश्रमांमधून सदाव्रत मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा शिधा, किंवा तयार जेवण. ज्याच्या घरात स्वतःपुरतं आहे तोही हाक मारतो. त्या बाईचं व्रत माझ्या डब्याने मोडलं. माझ्याजवळ सगळं होतं, म्हणून मला तिच्या दारात थांबायचं कारण उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रावेरखेडीला पोहोचलो. ही बाजीराव पेशव्यांच्या समाधीची जागा. २८ एप्रिल १७४० ला ते इथेच, नर्मदेच्या काठी गेले. मराठी माणूस इथे आला की आपोआप पायातलं काढतो. आम्ही ओसरीवर बसलो आणि मैत्रिणीने पालखेडची गोष्ट काढली. १७२८ साली बाजीरावांनी जड तोफखाना आणि बाजारबुणगे सोबत न घेता नुसत्या घोडदळानिशी निजामाला दमवलं आणि पालखेडला पाण्यावाचून कोंडलं. स्वारांची शिदोरी थोडी, कणसं चोळून खात पुढे जायचं. ती सांगत होती आणि मी माझ्या बॅगेकडे बघत होते. माझ्या पाठीवर बाजारबुणगे बसले होते.

तिथेच बॅग उपडी केली. एक-एक वस्तू हातात घेऊन स्वतःला एकच प्रश्न विचारला: हे काठावर मिळतं का? मिळत असेल तर पाठीवर नको. लाडू तिथल्या मुलांना वाटले. साबणाची दुसरी वडी, तेलाची मोठी बाटली, स्टीलचा डबा तिथेच ठेवला. टॉवेल, तिसरा ड्रेस आणि गोधडी दुसऱ्या दिवशी वाटेतल्या गावच्या पोस्टातून नागपूरला पाठवली. पोस्टाच्या काट्यावर पार्सल ३ किलो ४०० ग्रॅम भरलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पार्सलं तोलली, त्या दिवशी स्वतःचं तोललं. बाहेर आले, बॅग पाठीवर घेतली आणि मान सरळ झाली. तोपर्यंत मी रस्ताच बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा चालता चालता नदी दिसली.

राहिलं ते लुगडं. डबा गेला, त्याचं बांधणं उरलं. इतवारीतून घेतलेलं नागपुरी सुती लुगडं, आईने पंधरा-वीस वर्षं नेसून धुऊन इतकं मऊ केलेलं की मुठीत धरलं तर अर्धी घडी मुठीत मावावी. वजन जेमतेम अर्धा किलो. नऊ वार कापूस म्हणजे काय चीज आहे हे मला तेव्हा समजलं. चौपदरी केलं की पांघरूण. दोन पदर खाली, दोन वर घेतले की अंथरूण-पांघरूण दोन्ही. धर्मशाळेत आम्हा तिघींना कपडे बदलायला आडोसा नसला की दोन खांबांना बांधून पडदा. उन्हात डोक्यावर. एकदा मैत्रिणीचा पाय मुरगळला, तेव्हा त्याचीच पट्टी. धुतलं तर तासाभरात वाळायचं. आश्रमात सतरंजी मिळते, पुष्कळ ठिकाणी कांबळंही मिळतं, त्यावर हे लुगडं पसरलं की आपली जागा झाली.

थंडीचं मात्र खरं सांगते. अमरकंटक जवळपास १००० मीटर उंचावर आहे, आपलं नागपूर ३०० मीटरच्या आसपास. मंडला-डिंडोरीकडे वर चढायला लागलं की रात्री बोटं वाकत नाहीत. आम्ही तिथे माघाच्या शेवटी पोहोचलो, आश्रमात रजया होत्या, दोन्ही कपडे एकावर एक घालून निभावलं. पण कोणी ऐन पौषात तिथे पोहोचणार असेल, तर किलोभराच्या आतली हलकी स्लीपिंग बॅग घ्यावी, कानटोपी आणि एक स्वेटर घ्यावा. हे वजन मी वाया म्हणणार नाही.

कारण त्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. जे काठावर मिळत नाही, त्यात एक ग्रॅमही काटकसर करायची नाही. पहिली गोष्ट पायताण. पाय सुजतात, म्हणून रोजच्यापेक्षा एक नंबर मोठं घ्या. नवं कोरं घालून निघू नका. घरून निघण्याआधी किमान दोनेकशे किलोमीटर त्याच जोडावर चाला. मी फुटाळ्याभोवती, सेमिनरी हिल्सवर रोज चालले, एका रविवारी कोराडीला जगदंबेला पायी जाऊन आले, आणि शेवटची परीक्षा म्हणून सगळी बॅग पाठीवर घेऊन धापेवाड्याला गेले. विदर्भाची पंढरी ती, तिथल्या नदीचं नावही चंद्रभागा. दोन दिवसांत चाळीसेक किलोमीटर झालं. बॅगेचा पट्टा खांद्याला काचतोय हे मला तिथेच कळलं होतं. तेव्हा ऐकलं असतं तर रावेरखेडीपर्यंत ओझं वाहावं लागलं नसतं.

दुसरी गोष्ट औषधं. रक्तदाब, साखर, थायरॉईडच्या गोळ्या काठावरच्या खेड्यात मिळतीलच असं धरून चालू नका. दीड महिन्याच्या घ्या, खोकी फेकून फक्त पाकिटं ठेवा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. भरूच आणि जबलपूर ही दोन मोठी शहरं वाटेवर आहेत, तिथे पुन्हा भरता येतं. चष्मा दुसरा हवाच. फोडांसाठी सुई, दोरा आणि चिकटपट्टी. डासांचं मलम. आधार कार्ड आणि मुक्कामांचे शिक्के घ्यायची परिक्रमेची वही, प्लास्टिकच्या पिशवीत.

कपड्यांचा हिशेब सोपा आहे: एक अंगावर, एक दोरीवर. दोन्ही पांढरे, दोन्ही पातळ. टॉवेलऐवजी पंचा. टर्किश टॉवेल ओला झाला की दिवसभर पाठीवर पाणी वाहतो आपण. आणि बॅग रिकामी असतानाच तोला. साठ लिटरची ट्रेकिंगची बॅग नुसतीच दोन किलोच्या घरात जाते, आणि मोठी बॅग असली की ती भरावीशी वाटतेच. पस्तीस लिटरची पुष्कळ होते. पॉवर बँक लहान घ्या, काठावरच्या बहुतेक आश्रमांत वीज आहे.

पाण्याचं वजन कोणी धरत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. बाजूला नदी असताना, गावागावात हातपंप असताना तीन बाटल्या कशाला? एक बाटली पुरते. शूलपाणीच्या झाडीकडे, म्हणजे वाटेतल्या जंगलाच्या टप्प्यात, किंवा वाट नदीपासून दूर जाते तिथे दोन, आणि तेही आदल्या मुक्कामी विचारून.

समुद्र ओलांडून उत्तर तटाने परतताना, गुजरातेत गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या, म्हणजे दत्तभक्त संन्यासी वासुदेवानंद सरस्वतींच्या समाधीपुढे बसले होते. १९१४ साली ते तिथे समाधिस्थ झाले. कोकणातल्या माणगावापासून हिमालयापर्यंत सारा संचार पायी. तिथे एका वृद्ध परिक्रमावासींची झोळी मी हातात घेऊन पाहिली, जुनी सवय. दोन किलोसुद्धा नसेल. एक लंगोटी, एक चादर, एक कटोरा, कुपी. माझे साडेपाच किलोसुद्धा तिथे श्रीमंती वाटले. पण मी बासष्टीची, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारी बाई, मला माझ्या मापाचं हलकं हवं. तुम्हीही तुमच्याच मापाचं शोधा.

ओंकारेश्वरला परत आलो तेव्हा चैत्र लागायला दोन-चार दिवस होते. शेवटच्या टप्प्यात, निमाडात पुन्हा कापसाची रानं लागली, आता पऱ्हाट्या उपटून झालेल्या. ती म्हातारी बाई ओंकारेश्वरच्या पुढे, पहिल्या वाटेवर राहिली होती. परिक्रमा पूर्ण झाली, कुपी वाहिली, आणि मग मी मैत्रिणींना थांबवून रिक्षाने त्या गावात गेले. घर ओळखलं. ती अंगणात मिरच्या वाळवत होती. तिला मी अजिबात आठवत नव्हते, तिच्या दारावरून रोजच परिक्रमावासी जातात. मी म्हटलं, "माई, रोटी मिलेगी?" तिने मिरच्या तशाच टाकल्या आणि चूल पेटवायला गेली. मक्याची जाड भाकर, वर तेल, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. मी चार महिन्यांनी त्या घरात जेवले.

यंदा माझी भाची निघते आहे. काल ती तिची बॅग घेऊन आली, आम्ही दोघींनी ती काट्यावर ठेवली, ७ किलो ९०० भरली. दोन किलो कमी करायचे आहेत, आणि आईचं लुगडं मी तिच्यासाठी धुऊन वाळत घातलं आहे.

नर्मदे हर.