खडूच्या डोंगरावरून एका दिवसात

[दृश्य: अंधार, विंचेस्टरची रिकामी गल्ली, सायकलचा लाल दिवा]

पहाटेचे चार. दक्षिण इंग्लंडमधलं विंचेस्टर. जून संपत आलाय. पाऊण तासात सूर्य उगवेल तो रात्री सव्वानऊपर्यंत मावळायचा नाही. साउथ डाउन्स वे, म्हणजे साउथ डाउन्स या खडूच्या डोंगररांगेवरची लांब वाट, एका दिवसात सायकलने पार करणारे वर्षभर याच दिवसांची वाट बघतात.

इथून समुद्रकाठच्या ईस्टबोर्नपर्यंत १६० किलोमीटर. डांबर लागतं ते तुकड्यातुकड्याने. बाकी सगळा खडू, गवत आणि चकमकीचे दगड. वाटेवरची सर्वांत उंच जागा बट्सर हिल, जेमतेम २७० मीटर. तरी दिवसाची चढाई भरते ३,८०० मीटरच्या आसपास, म्हणजे डोणज्याकडून सिंहगडाचा घाट सहाएक वेळा. डोंगररांगेला अ‍ॅरन, एडर, ऊझ आणि ककमिअर या चार नद्यांनी आरपार कापलंय. दर नदीपाशी वाट जवळजवळ समुद्रसपाटीला येते आणि पूल ओलांडला की पुन्हा वर चढते.

निघायचं पश्चिमेकडूनच. वारा बहुतेक नैर्ऋत्येचा असतो, तो पाठीशी राहतो.

[दृश्य: बट्सर हिलचा गवताळ उतार, मेंढ्या, खाली महामार्ग]

गवताचा हा उतार पडद्यावर दिसतो त्याहून तीव्र आहे. दव असेल तर पुढचा ब्रेक अलगद दाबायचा. मेंढ्या शेवटच्या क्षणी आडव्या पळतात, त्यामुळे वेग कळपाच्या बराच आधी उतरवावा लागतो.

[दृश्य: फाटक, उंच दांडा, घोडेस्वार]

फाटकाचा हा उंच दांडा नीट बघा. घोड्यावरून न उतरता उघडता यावा म्हणून तो इतका वर आहे. सायकलवाल्यालाही पाय न टेकता उघडता येतो, फक्त आपल्यामागे फाटक लागलं की नाही ते वळून बघायचं. ही वाट मुळात घोडेस्वारांची, इथल्या भाषेत ब्रायडलवे. १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने ब्रायडलवेवर सायकल चालवण्याचा हक्क दिला. अट एकच: पायी चालणारा आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. पण त्याच कायद्यात असंही लिहिलंय, की सायकलींसाठी या वाटा सोयीच्या करून ठेवण्याचं बंधन कुणावर नाही. हक्क मिळाला, पण डागडुजी कुणाच्या तरी मर्जीवर राहिली. १९७२ साली साउथ डाउन्स वे अधिकृतपणे खुला झाला. सगळा पल्ला सायकलीला मोकळा असलेली राष्ट्रीय वाट इंग्लंडमध्ये दुर्मीळच. इथल्या बहुसंख्य पायवाटांवर सायकलीला आजही हक्क नाही.

म्हणून घोडा दिसला की लांबूनच आवाज द्यायचा. घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा, घोडा कमी बिचकतो. मग वेग कमी करायचा आणि स्वार सांगेल तिथे थांबायचं.

[दृश्य: टायरचा जवळून फोटो, पांढरा चिखल]

चकमकीच्या कडा सुरीसारख्या धारदार. ट्यूबलेस टायर, रुंदी २.२ इंचांच्या पुढे, आत ताजं सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, दर टायरला साधारण १०० मिलिलिटर. सत्तर किलोच्या स्वाराने २२ ते २५ पीएसआय हवा ठेवावी. त्याहून कमी ठेवली तर उतारावर दगड थेट रिमला लागतो. छिद्र पडलं की चाक फिरवून छिद्र खाली आणायचं आणि सीलंटला अर्धा मिनिट द्यायचं. नाही भरलं तर प्लग, म्हणजे छिद्रात खुपसायची रबरी पट्टी. कडेला चीर गेली असेल तर मात्र प्लग धरत नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घालावी लागते, म्हणून तो तुकडा आणि एक ट्यूब पिशवीत हवीच.

खडू कोरडा असेल तर वाट डांबरासारखी पळते. भिजला की त्यावर साबणासारखा थर येतो आणि चाक सरळ वाटेवरही निसटतं. पांढरा चिखल ब्रेक पॅडवर घासपेपरसारखं काम करतो, एकाच ओल्या दिवसात पॅड धातूपर्यंत झिजतात. पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबणं शहाणपणाचं. ओल्या वाटेवर चाकांनी चर पडतात, त्यातून पाणी वाहतं आणि वाट खचते.

[दृश्य: नळ, बाटल्या]

वाटेवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत: कॉकिंगला, एडर नदीकाठी बॉटल्फ्सला, सॅडल्सकोम फार्मला. खडूतून पाणी खाली झिरपून जातं, डोंगराच्या कण्यावर झरा मिळत नाही. दोन लिटर सोबत आणि दर नळाला भरायचं. खाणं तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं, तेही पहिल्या तासापासून. अंबर्लीला, अर्ध्यावर, भूक लागल्यावर खायला सुरुवात केलेला स्वार डिचलिंग बीकनपर्यंत रिकामा होतो.

[दृश्य: पांढरा संगमरवरी घुमट, वेगळ्या दिवशी चित्रित]

डिचलिंगच्या अलीकडे वाटेपासून थोडं दक्षिणेला ‘छत्री’ नावाचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत मेलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं इथे दहन झालं, १९२१ साली हे स्मारक उभं राहिलं. एका दिवसात पल्ला गाठणाऱ्याला तिकडे वळायला वेळ नसतो. वेगळा दिवस काढून यावं.

[दृश्य: साउथीज, ऊझवरचा पूल, संध्याकाळ]

हिशेब इथे चुकतो. समुद्र जवळ आल्यासारखा वाटतो, पण इटफर्ड हिल, मग अ‍ॅल्फ्रिस्टनहून विंडोव्हर हिल आणि जेव्हिंग्टननंतरचा चढ अजून बाकी असतो. साउथीजला पोचताना उजेडाचे तीन तास हाती हवेत. नसतील तर इथलंच रेल्वे स्टेशन गाठावं.

पुढे अ‍ॅल्फ्रिस्टनला वाट दुभंगते. सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांवरून जाणारी फक्त चालणाऱ्यांची, सायकलने आतली जेव्हिंग्टनची वाट धरायची. कडे आपण दाखवतोय ते ड्रोनमधून.

ईस्टबोर्नचा शेवटचा उतार खडबडीत आहे आणि थकल्या हातांना ब्रेक नीट दाबता येत नाही. खोगीर खाली करायचं, वजन मागे घ्यायचं, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळी विंचेस्टरलाच बघून ठेवायचं.