मार्फत पोस्टमास्टर, सॅन फ्रान्सिस्को

युद्धकाळातली पत्रकारिता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो आघाडीवरचा बातमीदार. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर टाइपरायटर. आज त्याला जरा विश्रांती देऊ. मला बोलायचंय ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांमधून निघणाऱ्या चारपानी विद्यार्थी-पत्रांबद्दल. पत्रं म्हणून ती तशी बेताचीच. विनोद बहुतेक पडेल, संपादकीयं उपदेशानं जड. पण त्यांतलं सैन्यात गेलेल्या मुलांच्या टपाल-पत्त्यांचं सदर काही मला सोडवत नाही.

१९४० च्या कायद्यात सक्तीच्या भरतीचं किमान वय २१ होतं. पर्ल हार्बरनंतर ते खाली सरकत गेलं आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये थेट १८ वर आलं. म्हणजे भरतीची हाक आता पहिल्या वर्षाच्या मुलालाही. मोठ्या विद्यापीठात हजार मुलं गेली तरी वर्ग भरतात. पाचशेच्या कॉलेजात दीडशे गेली की नाटकाला नायक मिळत नाही, गायनवृंदात खर्जाचे आवाज उरत नाहीत आणि पत्राचा संपादक सहामाही संपायच्या आत गणवेशात असतो. मग उपसंपादक संपादक होतो, महिन्या-दोन महिन्यांनी तोही जातो. शेवटी ती खुर्ची मुलींकडे आली. आली म्हणजे काय, दुसरं कोणी उरलंच नव्हतं. कौतुकाचे शब्द त्यांच्या वाट्याला आले, पण त्यांत ‘सध्यापुरतं’ हा सूर असायचा, आणि तो मला अजून खटकतो.

अशी कॉलेजं तगली कशी? पुष्कळांना सैन्यदलांनी तारलं. १ जुलै १९४३ रोजी नौदलानं व्ही-१२ नावाची योजना सुरू केली. १३१ कॉलेजांत मिळून सव्वा लाखाच्या आसपास मुलं अधिकारी होण्यासाठी शिकली. वसतिगृहाचं एका रात्रीत जहाज झालं. जमिनीला डेक म्हणायचं, भिंतीला बल्कहेड. पहाटे बिगुल, वर्गात जायचं ते रांगेनं. यात एक गंमत होती. नौदलाच्या मुलांना कॉलेजच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळायची मुभा होती, लष्कराच्या (म्हणजे भूदलाच्या) अशाच योजनेतल्या प्रशिक्षणार्थींना नव्हती. त्यामुळे कोणाच्या वाट्याला खलाशी आले नि कोणाच्या वाट्याला सैनिक, यावर क्रीडा-पानाचं नशीब ठरायचं. टेक्ससमधल्या साउथवेस्टर्नसारख्या चिमुकल्या संस्थेनं १ जानेवारी १९४४ ला ‘सन बोल’ हा फुटबॉलचा मानाचा सामना ७-० असा जिंकला, तो या जोरावर. लष्कराची योजना मात्र फेब्रुवारी १९४४ मध्ये अचानक छाटली गेली. सुमारे १,१०,००० जणांना पुस्तकं मिटून सैन्यात परत जावं लागलं, त्यातले पुष्कळ थेट पायदळात. ज्या कॉलेजात ते होते, तिथली वसतिगृहं पुन्हा ओस पडली.

याच गोष्टीची दुसरी बाजू फार थोडे लोक सांगतात. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यांत कॉलेजचे विद्यार्थीही होते. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकारानं एक परिषद उभी राहिली आणि तिनं सुमारे ४,००० विद्यार्थ्यांना आतल्या भागातल्या कॉलेजांत पोचवलं. पण जिथं लष्करी प्रशिक्षण किंवा संशोधन चाले, तिथं सुरुवातीला त्यांना मज्जाव होता. म्हणजे लष्कराचं कंत्राट न मिळालेली, कर्जानं वाकलेली छोटी कॉलेजंच त्यांना जागा देऊ शकत होती.

आता सेन्सॉरशिप. वृत्तपत्रांसाठीची आचारसंहिता १५ जानेवारी १९४२ रोजी आली. ती होती ऐच्छिक. सेन्सॉर कार्यालयाचा प्रमुख बायरन प्राइस हा स्वतः असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतला माणूस, त्याला धंद्याची नाडी ठाऊक होती. सैन्याच्या हालचाली नकोत, जहाजं नकोत, हवामानसुद्धा जपून. राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलेनॉर रूझवेल्ट हिनं आपल्या रोजच्या वृत्तपत्रीय सदरात हवामानाचा उल्लेख केला, तेव्हा आपल्याला कडक शब्दांत पत्र आल्याचं तिनंच लिहून टाकलं! तिथं चिखलात झालेल्या सामन्याचं वर्णन करणाऱ्या पोरानं काय करायचं? ‘चेंडू निसटत होता’ एवढंच लिहायचं.

आणि पत्ते. संहितेप्रमाणे परदेशी गेलेल्या सैनिकाची तुकडी कुठं आहे हे छापायचं नाही. मग छापायचं काय, तर नाव, हुद्दा, लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक, आणि ‘मार्फत पोस्टमास्टर, न्यूयॉर्क’ किंवा ‘मार्फत पोस्टमास्टर, सॅन फ्रान्सिस्को’. एवढ्यावरून वाचणाऱ्याला कळायचं ते इतकंच, की पोरगा अटलांटिकपलीकडे आहे की पॅसिफिककडे. एक पान असं डोळ्यांसमोर आणा. डावीकडे वसंतातल्या नाचाची सूचना, खाली कॉफीच्या रेशनवर रडगाणं, उजवीकडे बारीक टायपात या ओळी. मागच्या अंकात मार्फत न्यूयॉर्क असलेलं नाव या अंकात यादीत नाही. ते वर, दुसऱ्या कॉलमात, काळ्या चौकटीत.

या सदरानं पत्राचा वाचकच बदलला. अंक आधी कॅम्पसवर वाटला जायचा, आता त्याचे गठ्ठे टपालात पडू लागले. आणि बराकीतल्या वाचकाला हवं होतं काय? युद्धाची बातमी त्याला आम्ही काय देणार, तो स्वतः तिच्यात उभा. त्याला हवं होतं ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आता कोण बसतं, घंटा अजून उशिरा वाजते का, अमुक प्राध्यापकांनी टोपी पुन्हा हरवली का. युद्धाआधी ज्या मजकुराला आपण पाचकळ म्हणून बाजूला सारलं असतं, तोच आता सगळ्यात मोलाचा ठरला. संपादक मुलींनी हे ओळखलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या मते या पत्रांचं सगळ्यात चांगलं लेखन त्या क्षुल्लक टिपांमध्येच आहे.

१९४४ च्या जूनमधल्या, माजी सैनिकांसाठीच्या जीआय कायद्यामुळे हीच पोरं सरकारी खर्चानं परतली, पुष्कळ जण लग्न होऊन, काही तर मूल कडेवर घेऊन. सैन्याच्या जुन्या बराकी आणि ट्रेलर कॅम्पसवर येऊन उभे राहिले. पत्रात पुन्हा पत्ते येऊ लागले. या वेळी ट्रेलरचे नंबर.