माटवाखालचा उन्हाळा

(दृश्य : सकाळ. कौलारू घर, पुढे लाल मातीचं मोकळं अंगण. खराट्याचा आवाज.)

हा खराटा माडाच्या हिरांचा. तो ज्या मातीवरून फिरतोय, ती गेल्या वर्षीची नाही. आणि थोड्या वेळात तिच्यावर माटवाचं, म्हणजे मांडवाचं, जे छप्पर चढणार आहे, तेही याच परसातल्या माडांवरून खाली आलंय.

सिंधुदुर्गातला कुडाळ तालुका. शिमगा नुकताच सरलाय, देवाच्या पालख्या घरोघर फिरून देवळात परतल्यात. दुपारी पडवीतसुद्धा बसवत नाही असं ऊन सुरू झालंय. घरापुढच्या या जागेला घाटावरचा माणूस अंगण म्हणेल. इथे ते खळं, मालवणीत खळा. घाटावर खळं असतं शेतात, मळणीसाठी. इथे भात दारातच झोडतात, आणि दाराला नावही तेच.

(दृश्य : जमिनीवरच्या बारीक भेगा. एक म्हातारा हात भेगेवरून फिरतो.)

घरातली आजी भेगा मोजत नाही, नुसती बोट फिरवते. "ह्यो कोपरो परत चोपूक व्हयो," म्हणते. झालं, आजचं काम ठरलं.

पावसाळ्यात या जिल्ह्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यात मातीच्या अंगणाचं काय राहणार? वरचा थर वाहून जातो, उरलेल्यावर गुडघ्याएवढं गवत माजतं. म्हणून दसरा झाला की गवत खरवडायचं, कुदळीनं वरचा थर उकरायचा, ढेकळं फोडायची, कमी पडली तर नवी माती आणून घालायची आणि पाणी मारून चोपायचं. तुळशीच्या लग्नापर्यंत खळं तयार असावं लागतं, कारण वृंदावन असतं खळ्यातच आणि वऱ्हाडी उभे राहणार तेही तिथेच. आता मार्चमध्ये चाललीय ती डागडुजी, उन्हाळ्यासाठीची.

(दृश्य : चोपण्याचा जवळून शॉट. सपाट लाकडी फळी, तिला मूठ. थप्, थप्, थप्.)

हे चोपणं. दिसायला धोपाटण्याचं मोठं भावंड. सगळी कला मात्र चोपण्याआधीच्या पाण्यात आहे. वहिनी मूठभर माती वळून बघतात. लाडू वळला पाहिजे, पण बोटांना चिखल लागता कामा नये. माती कोरडी राहिली तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत. पाणी जास्त झालं तर मधल्या पोकळ्यांत तेच भरून बसतं, मग कितीही बडवा, माती दबत नाही, नुसती हलते. १९३३ साली कॅलिफोर्नियात प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरनं धरणांच्या भरावासाठी नेमकं हेच मोजायची पद्धत मांडली. आजही रस्त्याचा भराव घालण्याआधी मातीची प्रॉक्टर चाचणी होते. इथे ती चाचणी मुठीत होते.

"वायच पाणी मार रे." नातू तांब्यातून शिंपडतो. जरा जास्तच. सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे!"

एक गोष्ट कॅमेऱ्यात सहज दिसत नाही, म्हणून सांगतो. चोपताना उकिडवं बसावं लागतं आणि तसंच मागे मागे सरकत जावं लागतं. तासाभरात कंबर धरते. पूर्वी वाडीतल्या बायका एकमेकींची खळी आळीपाळीनं चोपायच्या, ओळीनं बसून, एका ठेक्यात. आज इथे दोघीच आहेत. पाहुणा आला की माटवाचं कौतुक करतो, आणि माटव घालतात पुरुष. खळ्याचं कौतुक कुणी करत नाही. त्याच्यावर चपला घालून चालतात.

(दृश्य : शेणाची बादली. पोफळीच्या विरीचा तुकडा. अर्धगोल फटकारे.)

चोपलेलं सुकलं की सारवण. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात, ते मातीला धरून ठेवतात आणि धूळ उडू देत नाहीत. सारवायला पोफळीची विरी, म्हणजे पानाच्या बुडाशी खोडाला गुंडाळलेलं ते चिवट पातं. हात जितका फिरतो तितका अर्धगोल, त्याला लागून दुसरा. कुणाच्या हाताचं सारवण ते त्या वळणांवरून ओळखू येतं.

काळाभोर रंग यावा म्हणून एकेकाळी टॉर्चचे संपलेले सेल फोडून आतली पूड शेणात कालवत. दिसायचं झकास. पण त्या पुडीत मँगनीज डायऑक्साइड असतं, आणि याच खळ्यात पापड वाळतात, पोरं लोळतात. या घरानं ते सोडलं. आता करवंटीचा कोळसा कुटून घालतात. रंग थोडा राखाडी येतो, तो चालतो.

(दृश्य : मेढी उभ्या राहतात. एक माणूस खड्ड्यात हात घालून माती दाबतो.)

आता माटव. मेढ म्हणजे वरच्या टोकाला दुबेळकं असलेला खांब. त्या बेचक्यात आडवे वासे, त्यांच्यावर बांबूची आणि चिरलेल्या पोफळीची जाळी. कुठे खिळा नाही, सगळं सुंभानं बांधलेलं. खांबाचा शत्रू वाळवी. म्हणून जमिनीत जाणारा बुडखा आधी विस्तवावर धरून काळा करून घेतात. त्यानं वाळवी कायमची टळत नाही, पण खांबाला एवढा एक हंगाम उभं राहायचंय, तेवढ्याला पुरतं.

उंची ठरते एका साध्या मापानं : घरातल्या सगळ्यात उंच माणसानं हात वर केला की बोटं जेमतेम टेकली पाहिजेत. खाली घेतला तर गुदमरतं. फार वर नेला तर चार वाजताचं तिरपं ऊन थेट बाजल्यावर येतं. आणि तुळस माटवाबाहेरच ठेवायची, तिला ऊन हवं.

(दृश्य : विहिरीजवळ भिजत घातलेली चुडतं. दोन हात विणताहेत.)

इथे जरा थांबू या, कारण हे हात फार वेगानं चालतात.

माड महिन्याला साधारण एक नवं पान काढतो आणि तितकीच जुनी खाली सोडतो. ही गळालेली झावळी, इथल्या भाषेत चुडत. लांबी चार-पाच मीटर, दोन्ही बाजू मिळून दोनशेच्या वर पाती. वाळलेलं चुडत विणायला गेलं तर पाती तुटतात, म्हणून ती आधी पाण्यात भिजवायची, वर दगड ठेवून. मग पिडा, म्हणजे बुडाचा जाड देठ, कोयत्यानं तोडायचा. तो चुलीला. उरलेला दांडा मधोमध उभा चिरायचा. आता हातात अर्धं चुडत आहे, एकाच बाजूची पाती असलेलं. एक पात सरळ सोडायची, पुढची मागे दुमडायची, आणि दुमडलेली एकीच्या वरून, दुसरीच्या खालून ओढत न्यायची. शेवटी टोकांची वेणी घालून गाठ. झालं झाप.

काकांना विचारलं, एका झापाला किती वेळ लागतो? ते म्हणाले, "बोलाक लागलंय तर दुप्पट." आम्ही गप्प बसलो.

झापं चढवताना बाहेरच्या कडेपासून सुरुवात, प्रत्येक पुढचं झाप आधीच्यावर हातभर. नळ्याच्या कौलांसारखंच. फरक एवढाच, की माटव सपाट असतो. तो उन्हासाठी आहे, पावसासाठी नाही. मे महिन्यात वळवाची सर आली की खाली तपकिरी थेंब गळतात आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला डाग निघता निघत नाही. ज्याला माहीत असतं तो आधीच उठून ओटीवर जातो.

(दृश्य : शेजारचं घर. पेव्हर ब्लॉक, वर निळा पत्रा.)

शेजारी पत्रा आहे, खाली सिमेंटचे ठोकळे. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या घरात सत्तरी ओलांडलेली दोनच माणसं राहतात. चोपणार कोण? मात्र दुपारी दोन वाजता दोन्हीकडे अनवाणी उभं राहून बघा. पत्रा तापतो आणि ती धग खाली डोक्यावर सोडतो, ठोकळे पायांना. झापाला शेकडो फटी, गरम हवा त्यातूनच वर निघून जाते, आणि वाळल्या पानात साठून राहील अशी उष्णता ती किती! खालची सारवलेली जमीन पायाला गार लागते. या चित्रीकरणात आमची माणसं जेवणाच्या सुट्टीत कुणी न सांगता कुठल्या बाजूला जाऊन पसरली, ते तुम्हाला कळलंच असेल.

(दृश्य : मे. माटवाखाली गर्दी. झोपाळा, रांजण, पत्त्यांचा डाव.)

मे महिना. चाकरमानी आले. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून मुंबईहून रात्री निघालेला माणूस सकाळच्या चहाला माटवाखाली असतो. जुन्या दरवाजाची फळी दोन चिऱ्यांवर ठेवून बाक झालाय. पोफळीच्या पट्ट्या ठोकून बाजलं. मेढीला सुंभानं बांधलेली करवंटी, तिच्यात विड्या नि काडेपेटी. काडेपेटी तिथे असू नये खरं तर. वाळलेल्या झापाला एक ठिणगी पुरते. आजी ती दिवसातून तीनदा उचलून आत ठेवते आणि कुणीतरी ती परत आणतं.

माटवाबाहेर, उन्हाच्या हद्दीत, दुसरा संसार मांडलेला. कोकमाची सालं आगळात, म्हणजे कोकमाच्याच रसात, बुडवून परत परत वाळवली जाताहेत, त्यांची आमसुलं होतील. सुपांवर आंब्याची साठं, ताटांत फणसपोळी. माटवाच्या सावलीत बसून कावळे हाकलायची जबाबदारी पोरांची. तुकडे कमी झाले तर कावळ्यांचं नाव पुढे करायची सोयही त्यांचीच.

(दृश्य : ढग. वारा. झापं फडफडतात.)

जूनचा पहिला आठवडा, मृग तोंडावर. चाकरमानी गेले. दोन माणसं माटव उतरवताहेत. चढवायला दोन दिवस लागले, उतरवायला सकाळ पुरली. बरी झापं विहिरीवरच्या खोपीला, मोडकी न्हाणीघराच्या चुलीत. वासे आणि बांबू पडवीच्या माळ्यावर. मेढी उपटून त्यांचे बुडखे कोयत्याच्या मुठीनं ठोकून बघतात. जो पोकळ वाजतो तो सरपणात.

"नऊ ऱ्हवल्यो," काका म्हणतात. घातल्या होत्या अकरा.

आजी ओटीवर बसून खळ्याकडे बघते आहे. सारवणाच्या वळणांवर पहिले टपोरे थेंब पडतात, प्रत्येकाखाली नाण्याएवढा काळा डाग. नातू बाहेर धावतो. आज त्याला कुणी ओरडत नाही.